बायपासवरची अक्षरं संघपालची

बीड बायपासवर नव्या बंगल्यांच्या जाहिरातींचे मोठाले बोर्ड लागलेत ना, त्यांवरची अक्षरं संघपाल पेंटरची आहेत. मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

आमच्या नाटक कंपनीचे पडदे तोच रंगवायचा. जंगल, राजवाडा, गावची वेस. आणि दारावरच्या फलकावर 'चंपाबाई' हे माझं नाव असं झोकात काढायचा, की ते वाचूनच लोक तिकीट घ्यायचे. त्याचा एक दंडक होता. पडदा टांगला, मालकानं पसंत केला, की मगच खाली कोपऱ्यात सही. "आधीच सही करणं म्हंजे जेवायच्या आधी ढेकर देणं," म्हणायचा.

मग दुष्काळ आले, एकामागून एक. गंगापूर, लासूरकडच्या जत्रा मोडल्या, कंपनी बसली. उरलंसुरलं काम फ्लेक्सवाल्यांनी नेलं. तेव्हा त्याची मुलगी सुकेशनी म्हणाली, "बाबा, तुमच्या अक्षरांचा फॉन्ट करू. कॉम्प्युटरवर कुणीबी तुमच्या हातानं लिहील."

वर्ष गेलं त्यात. तो कागदावर अक्षर काढी, ती कॉम्प्युटरवर गिरवी. मग एका काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करी. तिथं बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसत्या ओळी. फॉन्ट तपासणारा तो प्रोग्रॅम कुठं रेघ बिघडली, कुठं मात्रा कापली जाते, ते ओळीओळीनं सांगे. दुसरी आज्ञा दिली की तोच फॉन्ट वेबसाइटला चालेल असा बदलून मिळे.

"बाबा, 'क्ष'ची रेघ स्वतःलाच कापतेय म्हणतंय."

"त्याच्या बापानं कधी ब्रश धरलाय का?" संघपाल गुरकावे, आणि मुकाट्यानं नवा 'क्ष' काढायला बसे.

शेवटच्या तपासणीत एकच इशारा उरला: रचनाकाराचं नाव रिकामं आहे.

"भरू का?"

"नाय. आधी पडदा टांगू दे."

तशीच बिनसहीची फाइल औरंगपुऱ्यातल्या एका जाहिरातवाल्याकडं पसंतीला गेली. "कळवतो," म्हणाला. कळवलं बोर्डांनीच. 'चोवीस तास पाणी!' संघपालच्या अक्षरात! आणि खुद्द संघपालच्या गल्लीत टँकरची वाट बघत रिकामे ड्रम रांगेत उभे. संताप येणार नाही तर काय येणार?

त्या माणसानं फॉन्ट स्वतःच्या वेबसाइटवर विकायलाही ठेवला होता. सुकेशनीनं तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. तिनं दोन्ही फायली वाचता येतील अशा मजकुरात बदलल्या आणि शेजारी शेजारी ठेवून ताडल्या. अक्षरांच्या रेघा जशाच्या तशा. फरक होता तो नावाच्या जागी. तिथं जाहिरातवाला स्वतः बसला होता.

आम्ही तिघं त्याचा जिना चढलो.

"काका, फाइलमध्ये तुमचं नाव होतं का?" त्यानं विचारलं.

"नव्हतं," संघपाल म्हणाला.

"मग? बेवारस माल. मजुरी सांगा, देऊन टाकतो."

"मजुरी नको. नाव घाला."

"आता कसं? फाइल गिऱ्हाइकांकडं गेली."

"एक ओळ तर बदलायचीय. आत्ता करून देते," सुकेशनी म्हणाली.

त्यानं हसून फोन कानाला लावला.

बेवारस! मी जन्मभर माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलाय. "लेकराच्या कपाळावर नाव लिहिलेलं नसलं, तर उचलून न्यायचं व्हय रे?" खालचे दुकानदार रस्त्यावर येऊन वर बघायला लागले. शेवटी संघपालनंच मला दंडाला धरून खाली आणलं.

सुकेशनीनं मग बापाचं नाव भरून मूळ फॉन्ट इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला. संघपालला तेवढं पुरलं. मला नाही. बायपासवरून शेअर रिक्षा निघाली की मी एकेका बोर्डाकडं बोट करून खणखणीत सांगते, "हे अक्षर संघपाल पेंटरचं!"

"अक्का, गप बसा ना. लोक बघायलेत," संघपाल म्हणतो.

"बघू देत."

परवा रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "कौनसा पेंटर, दादी?"

"हा काय, माझ्या शेजारी बसलाय."

"तो फिर नाम काहे को नहीं डाला?"

उतरेपर्यंत मी त्या रिक्षावाल्याला सोडलं नाही; जेवायच्या आधीच्या ढेकरापासून सगळं ऐकवलं.