डोळे का पितांबर?

"आज काय गो, डोळे का पितांबर?"

कारखान्याच्या दारात चपला काढता काढताच काकी हा प्रश्न टाकायची. रोह्याहून पेणपर्यंत एसटीत उभं राहून आलेली, पिशवी अजून खांद्यावर, पण आज गणपतीचे डोळे आखायचेत की पितांबर रंगवायचंय, हे कळल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. पितांबर म्हटलं की पिशवीतून एक पुस्तक निघायचं, डोळे म्हटलं की दुसरं. तुम्ही म्हणाल, गणपतीच्या कारखान्यात पुस्तकांचं काय काम? सांगते.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, भिंतीलगत फळ्यांवर मूर्तींची रांग आणि खाली पाटांवर बसलेल्या आम्ही सात-आठ जणी. आम्हा सगळ्यांची काकी तिथली आखणीवाली. डोळ्यांची आखणी हे सगळ्यात शेवटचं काम आणि सगळ्यात अवघड. बाकीचा रंग चुकला तर झाकता येतो, डोळा चुकला की अख्खा बाप्पा चुकला. काकीचं माहेर पेणचं, त्यामुळे ब्रश लहानपणीच हातात आलेला. लग्न होऊन रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात गेली तरी तिनं एक हंगाम चुकवला नाही. तेव्हा रोह्याला कंपन्या नुकत्या आल्या होत्या. नवरा फर्स्ट शिफ्टला निघाला की ही पेणच्या एसटीला.

सातवी नापास होऊन मी तिच्या हाताखाली बसले आणि त्याच वर्षी तिचा हात थरथरायला लागला. आधी थोडासा, मग चहाचा कप वाजेल इतका. आमच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. ते एक दिवस म्हणाले, "काकी, पोरगी तयार होईपर्यंत येत जा." याचा अर्थ काय, ते न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो. मी शिकले की काकी घरी. मला इतकं अपराधी वाटायचं की मी मुद्दाम हळूहळू शिकायला लागले. तिनं ते दोन दिवसांत ओळखलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"नाटकं करू नको. माझा हात गेला, जीभ हाय की अजून!"

दुसऱ्या दिवशी ती रोह्याच्या वाचनालयातून एक जाडजूड कथासंग्रह घेऊन आली, पाटावर मांडी ठोकून बसली आणि कुणाला न विचारता मोठ्यानं वाचायला लागली. शेठ बघतच राहिले.

कथाच का, तर त्यालाही तिचं उत्तर तयार होतं. "कादंबरी नको. एखादी चार दिवस आजारी पडली की तिचा धागा तुटतो. कथा कशी, जेवणाच्या सुट्टीआधी सुरू आणि आधीच खल्लास." आणि ती नुसत्या मराठी कथांवर भागवणारी नव्हती. बंगाली, कानडी, मल्याळी, उर्दू, उडिया, भाषांतर होऊन मराठीत जे काही आलं असेल ते सगळं तिला हवं असायचं. "अख्ख्या देशातल्या बायका काय रांधतात नि कशापायी रडतात, ते कळाया नको?" असं तिचं म्हणणं.

आमच्या बायकाही काही कमी नव्हत्या. केरळातल्या कुठल्याशा गावात खाडीचं पाणी शेतात शिरलं, तर कामाक्षी, मुकुटांना सोनेरी लावणारी, ब्रश खाली ठेवून म्हणाली, "अगो बाय, त्यांचा पण बांध फुटला?" तिच्या माहेरची खारजमीन अशीच गेली होती. त्या दिवशी तिनं ती कथा दोनदा वाचून घेतली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

मुंबईच्या गिऱ्हाइकाचे चाळीस गणपती आखणीला आले होते. काकीनं बंगाली कथा काढली. एक म्हातारा नावाडी, त्याची एकुलती एक लेक, आणि तिला सासरी पोचवायला तोच तिला स्वतःच्या होडीतून पलीकडे नेतो. बास, एवढीच कथा. पण काकीचं वाचणं असं, की होडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी डोळे आखत होते. आखताना रडत नव्हते हां, शप्पथ. मला वाटत होतं, आज हात काय छान चाललाय.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. ते रांगेसमोरून चालत गेलं, परत आलं, आणि शेठना म्हणालं, "हे सगळे बाप्पा आमच्यावर रुसलेत का?"

बघतो तर काय! चाळीसच्या चाळीस मूर्तींच्या डोळ्यांचे कोपरे खाली उतरलेले. एकेक गणपती आत्ता रडेल की मग, असा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गिऱ्हाईक गेल्यावर शेठ तापले. "काकी, कथा बंद. आणि तुमचं येणंही बास झालं आता. हिला मी बघतो."

मी "शेठ, माझीच चूक" असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर काकी उठून उभी राहिली होती. पाच फूटही नसेल ती. "पोरीचा हात चुकला नाय. कथा चुकली. डोळ्यांच्या दिवशी ती वाचायला नको होती, ती चूक माझी. उद्या पांढऱ्याचा हात देऊन सगळे डोळे पुसा. परवा ही आखणार, मी वाचणार. एक जरी डोळा रडका निघाला, तर मी रोह्याची एसटी पकडीन ती कायमची. आणि नाय निघाला, तर कथा बी राहणार नि मी बी राहणार. बोला!"

शेठना 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नाही तिनं.

ठरल्या दिवशी मी ब्रश घेऊन बसले आणि काकीचा हात कधी नव्हे तो मांडीवर शांत होता. तिनं कानडी कथा काढली. लग्नाच्या वरातीतला घोडा नवरदेवासकट तळ्यात जाऊन उभा राहतो आणि काही केल्या बाहेर येत नाही. पहिल्या पानालाच बायका खिदळायला लागल्या. आता मला सांगा, हसणारा हात काय रडणाऱ्या हातापेक्षा बरा असतो? ब्रश टेकवायचं माझं धाडस होईना. पण काकीनं सगळा विचार करून ठेवला होता. डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरावा लागतो. मी श्वास धरला की ती वाक्याच्या मध्येच थांबायची. रेघ पुरी झाली की पुढचं वाक्य. मला हसू फुटलं की म्हणायची, "हसून घे आधी, मग ब्रश टेकव." एक डोळा पुस्तकावर, एक माझ्या मनगटावर. तो घोडा दोन दिवस तळ्यात उभा होता, कारण चाळीस गणपतींचे ऐंशी डोळे संपेपर्यंत काकीनं त्याला बाहेर काढलं नाही.

शेठनी एकेक मूर्ती पाटावर फिरवून पाहिली. शेवटची खाली ठेवली आणि विचारलं, "पण तो घोडा बाहेर आला का?"

कथा राहिली. काकीही राहिली, पुढे बारा-तेरा हंगाम.

त्यानंतर तिनं अंदाजानं काम केलं नाही. एसटीत येता-जाता प्रत्येक कथा आधी स्वतः वाचायची आणि अनुक्रमणिकेत पेन्सिलीनं खूण करायची. रडकी असेल तर 'पितांबर', कारण पितांबर रंगवताना कितीही रडा, काही बिघडत नाही. हसरी असेल तर 'डोळे'. भांडणाची असेल तर 'उंदीर', कारण बाप्पाच्या पायाशी बसलेला उंदीर जरा चिडका दिसला तरी चालतो. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी एकदा तिला पकडलंच. "बाई, आमच्या कथासंग्रहांवर 'उंदीर' कोण लिहितं?" काकी म्हणाली, "मी लिहिते. कथा चांगलीच हाय, पण डोळ्यांना चालायची नाय." ग्रंथपालांना काय उलगडा झाला, देव जाणे.

मग एका हंगामाला काकी आली नाही. सगळ्या अंगालाच कापरं भरलं होतं, पुस्तक डोळ्यांसमोर ठरेना. मी अष्टमीला तिला भेटायला गेले. खाटेवर एवढीशी झाली होती. मला बघून माझं बरंवाईट काही विचारलं नाही.

"कारखान्यात वाचतं कोण?"

"कुणी नाय, काकी. शेठनी रेडिओ आणलाय."

"रेडिओ?" ती उशीला टेकून उठायचा प्रयत्न करायला लागली. "रेडिओला दिसतो का तुझा ब्रश कुठं टेकलाय तो? उद्यापासून तू वाचायचं."

"मला जोडाक्षरं धड येत नाय. अडखळते मी."

"मग मोठ्यानं अडखळ."

तिनं उशाखालचा संग्रह माझ्या हातात दिला आणि तिथल्या तिथं माझ्याकडून एक पान वाचून घेतलं. तीनदा थांबवलं, तीनदा पहिल्यापासून. रडायची सोय नव्हती. निघताना मी पाया पडले, तर म्हणाली, "पाया कसली पडतेस, एसटी चुकेल."

आठवड्यानं ती गेल्याचा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी मी आखणीचा ब्रश माझ्या हाताखालच्या रंजनाकडे दिला, तिला म्हटलं, बस, आज तू आख. रेडिओ बंद केला आणि पुस्तक उघडून वाचायला लागले. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला आणि मी अडकले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकले. मग अक्षरंच दिसेनाशी झाली. रंजनाचा ब्रश हवेत तसाच.

पलीकडच्या टोकाला शेठ खुर्चीवरून उठले. त्यांचा रेडिओ त्यांच्या हाताशीच होता. मला वाटलं, संपलं सगळं, आता ते बटण फिरवणार. मी पुस्तक मिटायला लागले.

शेठ रेडिओला हात न लावता पुढे आले. आमच्यातला एक रिकामा पाट त्यांनी ओढून घेतला, धोतर सावरत त्यावर मांडी घातली.

"सावकाश वाच गो," ते म्हणाले. "आम्ही बसलोय."