खडकीतलं आमेन

श्रीरामपूरहून एसटी सुटली तेव्हा मांडीवर पेरूंची पिशवी होती आणि डोक्यात दादाने सोपवलेलं काम. माझा हा भाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला. वहिनीला जाऊन वर्ष होत होतं आणि रविवारी तिच्या आठवणीची उपासना होती. "सुवार्ता चर्चला येत नाही हल्ली. नुसते प्रश्न विचारते. तुझं ऐकते ती, जरा समजाव," असं तो फोनवर म्हणाला होता. भाचीला समजवायला निघालेल्या आत्याच्या उत्साहाला काय तोटा? नगर येईपर्यंत माझी सगळी उत्तरं घोकून झाली होती.

पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "खडकीला, चर्चजवळ."

"कुठल्या? देव एकच असेल मावशी, पण स्टॉप वेगवेगळे आहेत."

मी हसले. तो हसला नाही.

सुवार्ताने मटणाचा रस्सा आणि भाकरी केली होती. वहिनीने कुटलेल्या मसाल्याचा डबा तिने त्यासाठी खरवडून रिकामा केला होता. जेवताना मी विषय काढला.

"देवाची योजना आपल्याला कळत नाही, बाळा."

"कळत नाही ना? मग ती योजनाच होती हे तुला कसं कळलं, आत्या?"

मी आणखी थोडा रस्सा वाढून घेतला.

तरीही सकाळी ती आमच्याबरोबर निघाली. कॅन्टोन्मेंटचे रुंद रस्ते, बुंध्यांना गेरू-चुना लावलेली झाडं, रविवारची शांतता. दादाची पावलं हलकी पडत होती.

उपासनेत पाळकसाहेबांनी (आमचे धर्मगुरू) विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. सुवार्ता उभी राहिली. दादाने आनंदाने माझा हात दाबला.

"आई आजारी असताना तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत. उपास केलेत. ती बरी होणार असं मलाही वाटत होतं."

ती श्वास घ्यायला थांबली. साक्ष देणारा थांबला की आमची मंडळी गप्प राहूच शकत नाही. "आमेन!"

"ती गेली. देवाने आमचं ऐकलंच नाही, की ऐकून नाही म्हणाला?"

ती पुन्हा थांबली.

"आमेन!"

आमेन म्हणजे तसंच होवो. सगळ्यांनी ते सवयीने, एका सुरात म्हटलं आणि माझा आवाज त्यात चांगला खणखणीत होता. चुकलं असं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पेटी सुरू झाली, गीत सुरू झालं. सुवार्ता खाली बसली.

बाहेर चहा आणि केक होता. ती माझ्याजवळ आली.

"आत्या, मी विचारत होते गं."

"सवयीने निघालं तोंडातून."

"ते माहीत आहे. मला उत्तर नको होतं. कुणीतरी 'आम्हालाही कळत नाही' म्हणालं असतं तरी पुरलं असतं. मला विश्वास सोडायचा नाहीये. एकटीला धरवत नाही, एवढंच."

तेव्हा तरी बोलायचं! पण मी म्हणाले, "चहा निवतोय." या वाक्याची मला आजही लाज वाटते.

निघताना दोघं मला स्टँडवर सोडायला आली. दादाने रीतीप्रमाणे प्रवासासाठी प्रार्थना केली, मला सुखरूप पोचव म्हणून. शेवटी आमेन दादाने आणि मीच म्हटलं.

परतीच्या वाटेवर घोकायला काही नव्हतं. खिडकीबाहेर ऊस होता, तो बघत राहिले. श्रीरामपूरला उतरल्या उतरल्या सुवार्ताला फोन लावला.

"पोचले गं सुखरूप."

"म्हणजे पप्पांचं हे ऐकलं देवाने," ती म्हणाली. "मग आईच्या वेळी?"

माझी घोकलेली सगळी उत्तरं जिभेवर आली. ती मी गिळली.

"मला पण कळत नाही गं."

हे मी खडकीत म्हणायला हवं होतं, सगळ्यांसमोर, तिच्या शेजारी उभं राहून. स्टँडच्या गोंगाटात ते तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. फोन चालू होता, पण ती काही बोलत नव्हती. या वेळी मी मध्ये काही म्हणाले नाही.

मग पलीकडून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"आमेन."