बाबांनी बांधलेलं चाकावरचं किचन

भिलाईतला माणूस घरात भांड्यांची मांडणी करायला बसला तरी ती रेल्वेचा पूल तोलेल अशीच करतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तुळशीला कुंपण घातलं होतं. त्यावर एक ट्रक आदळला. तुळशीचं पान हललं नाही, ट्रक भंगारात गेला. अशा गावात स्टील प्लांटच्या फॅब्रिकेशन शॉपमधून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांनी सुनेसाठी चाकावरचं किचन बांधायला घेतलं, तेव्हाच कुणीतरी त्यांच्या हातातलं वेल्डिंगचं होल्डर काढून घ्यायला हवं होतं. मी घेणार नव्हतो. ते किचन ओढणार होती माझी पिकअप, आणि ‘माझी गाडी हत्ती ओढते, वर माहूत फुकट’ असं मी आमच्या सगळ्या सुपेला मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

वहिनी तोवर शिफ्टवाल्यांना डबे द्यायची. तिच्या पाटोडी रस्स्याचा वास सुटला की प्लांटचा भोंगा पाच मिनिटं आधी वाजतो, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मीच. अशातच कुम्हारीच्या एका लग्नाचं संध्याकाळचं जेवण तिला मिळालं. मुलीचे वडील रेल्वेतले, नागपूरकडचे. त्यांनी तिचा डबा खाल्लेला. मुलीच्या आईला मात्र रायपूरचा केटरर हवा होता. ‘डबेवालीच्या हाती लग्न कावून देऊन राहिले?’ असं तिने वहिनीच्या तोंडावरच विचारलं होतं. जेवण छान उतरलं तर दुर्गपासून रायपूरपर्यंतची लग्नं वहिनीची. बिनसलं तर पुन्हा डबे, तेही मान खाली घालून.

लग्नाच्या दिवशी सकाळी सुपेल्याच्या शेडमधून किचन बाहेर काढलं. खाली ट्रकला घालतात तसले लोखंडी चॅनेल, चारही बाजूंनी जाड पत्रा, आत ओटा, पाण्याची टाकी, शेगड्या, मसाला वाटायचा दगडी ग्राइंडर. खिडकीची झडप उघडायला दोन माणसं लागायची.

मी जरा घाबरत म्हटलं, “बाबा, गाडीच्या पुस्तकात दीड टन ओढायचं लिहिलंय.”

“लिवणारे भित्रे असतात बे! आमच्याकडं पाच टनाचा पट्टा पंचवीस टनाला तुटत नव्हता. लिवायचं एक आन् ताकद पाचपट, असाच कायदा असते.”

“तो क्रेनचा पट्टा होता. ही पिकअप आहे.”

“हत्ती ओढते म्हणे ना तुही गाडी? मग?”

मी गाडी मागे घेतली. सुपेला ऐकत होता.

किचनचा दांडा पिकअपच्या हुकात पडला आणि गाडी मागून खाली बसली, पुढून वर उठली. हेडलाइट थेट आकाशाकडे. दिवसाढवळ्या चंद्र शोधायला निघाल्यासारखी दिसत होती. बाबा म्हणाले, “वजन समोर झालं. ग्राइंडर मांगं सरकव.” सरकवला. आता किचनचं शेपूट खाली गेलं, दांडा वर आला आणि माझ्या गाडीची मागची चाकं घेऊनच वर आला. अॅक्सिलरेटर दाबला तर चाकं हवेत गरगर. देवाशप्पथ सांगतो, एका टायरवर चिमणी बसली होती, तिला पाळणा वाटला, उडालीच नाही. शेवटी ग्राइंडर चाकांच्या जरासा पुढे ठेवला, तेव्हा कुठे दोन्ही गाड्या एका रेषेत आल्या.

आणि निघालो की! ओढत होती! मी काच खाली करून दुकानदारांना हात दाखवत होतो. सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जात होते, ते सोडा.

हायवेला लागल्यावर मधे बसलेल्या वहिनीने नाक वर केलं. “भाऊजी, काहीतरी करपून राहिलं.”

“तुमच्या किचनातलं असेल.”

“माह्या किचनात अजून काडी पेटली नाई. तुमच्या गाडीतलं करपून राहिलं. समोर धर्मकाटा आहे, तिथं वजन करा.”

“काही गरज नाई, बेटा,” बाबा म्हणाले.

“बाबा, पोळी करपली का भाकर, ते मले वासावरून समजते. हे त्याच्याहून महाग आहे जी. काट्यावर घ्या, भाऊजी.”

मी गाडी काट्याकडे वळवली आणि ब्रेक दाबला. पिकअप थांबायला तयार होती. किचन नव्हतं. मागून त्याने असा रेटा दिला की आम्ही काटा ओलांडला, काटेवाल्याची खोली ओलांडली आणि पलीकडच्या चहाच्या टपरीला हात लावता येईल इतक्या जवळ उभे राहिलो. टपरीवाल्याने खिडकीतून आत पाहून विचारलं, “कितने चाय?”

त्या क्षणी मला एक गोष्ट कळली, ती फुकट सांगतो. ओढणं हे इंजिनाचं काम, त्याला फुशारकी चालते. थांबवणं हे ब्रेकचं काम, त्याला चालत नाही.

मागे ट्रेलर असताना रिव्हर्स घेणं म्हणजे रेड्याला उलटं चालवणं. मी डावीकडे वळवलं की किचन उजवीकडे. निम्मा हायवे गोळा होऊन मला शिकवत होता. शेवटी किचन एकटं काट्यावर ढकललं. काटेवाल्याने आकडा वाचला, बाहेर येऊन किचनला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “साढ़े तीन टन. भैया, इसमें खाना बनता है कि रेल का इंजन?”

बाबा खूश! “पायलं? मजबुती बोलते.”

वहिनी हसली नाही. सकाळ सरत आली होती आणि कुम्हारी जिथल्या तिथे होतं. तिने पदर खोचला. “पाणी सोडा टाकीतलं. कुम्हारीत विहिरी आटल्या नाईत.”

“भरून नेलेलं बरं...”

“बाबा, सोडा.”

टाकी रिकामी केली. ग्राइंडर, सिलेंडर, शेगड्या, भांडी, किराणा, सगळं उतरवलं आणि पुन्हा वजन केलं. पावणेतीन टन! आता आत हवेशिवाय काही नव्हतं. नुसता बाबांचा जाड पत्राच माझ्या गाडीला पुरून उरला होता.

“गॅस कटरनं छत कापू का?” बाबांनी विचारलं. आवाज असा, जणू पोटच्या पोराचे केस उतरवायचे आहेत.

“छताले हात नाई लावायचा,” वहिनी म्हणाली. “सामान जाईल पिकअपच्या पाठीवर, तेवढं ती उचलते. किचन नंतर येईल. रस्सा चुलीवर शिजते, पत्र्यावर नाई.”

टपरीपाशी ट्रॉली नसलेला ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मालक चहा पीत आमचा तमाशा पाहत होता. वहिनीने त्याला कुम्हारीचं विचारलं.

“मंय उही डहर जावत हंव, दीदी,” तो छत्तीसगढीत म्हणाला; त्याची वाटही तीच होती. “फेर जेवन मिलही का?”

“पहिल्या पंगतीले बसवीन.”

ट्रॅक्टरने किचन असं उचललं जणू कुणी वाण्याच्या दुकानातून पिशवी उचलतं. हत्ती ओढणाऱ्या माझ्या गाडीची लाज निघाली, पण मी तोंड फिरवून सिलेंडर बांधत होतो. बाबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. किचन एकटं सोडायला ते तयार नव्हते. मी आणि वहिनी पुढे सुटलो, आणि काय सांगू, पाठीवरचं वजन हिशोबात असलं की तीच पिकअप हरणासारखी पळते.

कुम्हारीत मांडवामागे उघड्यावर शेगड्या पेटल्या. मुलीची आई येऊन उभी राहिली. “चाकावरचं किचन येणार होतं ना?”

“येऊन राहिलं,” वहिनी बेसन घोटता घोटता म्हणाली. “त्याची चाल वेगळी, माही वेगळी.”

मुलीची आई गेली नाही. पाटोड्या थापल्या, मसाला वाटला, रश्शावर तर्री आली, तरी ती तिथेच. एखाद्या इन्स्पेक्टरने फर्नेससमोर उभं राहावं तशी. वहिनीने मान वर केली नाही. मी मात्र घाबरून एवढे कांदे चिरले की कुम्हारीभर रडू फुटलं; पाहुण्यांना वाटलं, मुलीची पाठवणी आताच झाली.

पहिली पंगत बसता बसता किचन आलं. ट्रॅक्टरवाला उडी मारून थेट पानावर बसला. बाबांनी येऊन पाहिलं, तर स्वयंपाक झालेला. त्यांचा चेहरा पडला. पण वरातीतल्या पोरांनी किचनचं छत पाहिलं आणि वीसेक जण वर चढून नाचायला लागले. छत हललं नाही. बाबा खाली उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, “नाचा, नाचा! अजून चढा! पाचपट धरलं आहे.”

दुसरी पंगत उठली, तिसरी बसली. वहिनी पातेल्याजवळ उभी, डोळे मांडवाच्या दाराकडे. तेवढ्यात मुलीची आई हातात वाटी घेऊन आली. वाटी रिकामी होती. कौतुकाचा शब्द नाही, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बाई, नवरदेवाकडचे मांगून मांगून घेऊन राहिले. आमच्या घरच्यांसाठी ठेव वो थोडा रस्सा.”

वहिनीने शेगडीमागून झाकलेलं लहान पातेलं ओढलं.

“तुमच्यासाठीच काढून ठेवला, काकू. बसा, आधी तुम्ही जेवा.”