टोपलीखालचे नाना

"या घरात एक तर त्या गोगलगायी राहतील, नायतर मी!" असं आमचे नानाकाका म्हणाले, आणि त्याच आठवड्यात ते गेले.

(यात गोगलगायींचा हात नव्हता. त्यांना हात नसतातच. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं होतं. पण खांदा द्यायला आलेली आमच्या गावची, आपट्याची मंडळी माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच नानांच्या चहात काहीतरी कालवलं!)

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत नाना, काकू, मी, माझी बायको सुनंदा आणि बरण्या राहत होतो. नाना-काकूंना मूलबाळ नव्हतं. आईवडिलांमागे त्यांनीच मला आपट्याहून आणून वाढवलं, शिकवलं, कॉलेजात मास्तर होण्याइतका केला. आणि मी त्याचे पांग कसे फेडले? लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत तळ्यातल्या गोगलगायी पाळून!

ही गोगलगाय मूळची आपल्याकडची नव्हे. परदेशातली. शोभेच्या माशांबरोबर, त्यांच्या पाणवनस्पतींना चिकटून ती इथे आली, कुणीतरी काचेची पेटी तळ्यात रिकामी केली, आणि बघता बघता तिने तळं बळकावलं. पनवेलच्या तळ्यातल्या या सगळ्या फौजेचं मूळ एकच, की पाहुण्या अनेक आल्या, हे त्यांच्या आनुवंशिकतेवरून शोधायचं, असा माझा पीएचडीचा विषय. प्राचार्य म्हणाले, "विषय उत्तम आहे, प्राणी घरी ठेवा." म्हणून बरण्या आमच्या बाल्कनीत आल्या.

या गोगलगायीचं एक वैशिष्ट्य म्हणजे ती एकटी ठेवली तरी तिला पोरं होतात. नर-मादी सगळं तीच! माझी एक होती. अंड्यातून निघाल्यापासून एकटी वाढवलेली, तिची आईही तशीच, आजीही तशीच. अशी शुद्ध कुळी तयार करायला मला दोन वर्षं लागली होती. माझा सगळा प्रबंध त्या बोटाच्या पेराएवढ्या जिवावर उभा होता.

नाना गेले त्या सकाळी मी तिची बरणी धुवायला काढली होती. ती आपली तात्पुरती स्टीलच्या पेल्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तेवढ्यात काकूंची हाक आली आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे.

स्मशानातून आलो, आंघोळ केली. दिवेलागणीला मला पेला आठवला. ओटा रिकामा!

"सुनंदा, इथला पेला?"

"कुठला? पाण्याने भरलेला होता तो? तो टोपलीखाली ठेवला ना."

मी तसाच टोपलीपाशी गेलो.

आमच्याकडे रीत आहे. माणूस जिथे गेला तिथे तांदळाचं पीठ पसरायचं, त्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, वर वेताची टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा. सकाळी टोपली उचलून पिठावर कसली पावलं उमटलीत ते बघायचं. त्यावरून कळतं, गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते. सकाळपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही. लावला तर जीव वाट चुकतो.

"आत्या," मी हळूच म्हणालो, "जरा टोपली एवढीशीच वर..."

आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. आपट्यात असल्या गोष्टींत तिचा शब्द शेवटचा. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बसलो.

आणि नेमके दिवे गेले! आख्खं सेक्टर काळोखात. घरात ती एक पणती, भिंतीवर टोपलीची सावली भल्या मोठ्या घुमटासारखी हलतेय. बाहेर कुत्रंसुद्धा गप्प. आणि त्या शांततेत टोपलीखालून आवाज आला.

टिक.

सुनंदाने माझा दंड धरला. थोड्या वेळाने पुन्हा. टिक.

"अडकित्ता," काकू म्हणाल्या. एकदम साध्या आवाजात. "या टायमाला सुपारी कातरायचे ना."

मला ठाऊक होतं. ती पेल्याच्या कडेने वर चढतेय आणि घसरून खाली आपटतेय, शंख स्टीलवर वाजतोय. शास्त्र सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, तो आलाच! नाना अडकित्ता थांबवून माझ्याकडे बघायचे ना, तसं टोपलीआडून कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पिठावर एक बारीक, ओलसर रेघ! पेल्यापासून निघालेली, वळणं घेत कडेपर्यंत गेलेली, आणि तिथे एकदम संपलेली. पुढे काही नाही. जाणारा जणू हवेत विरला.

"नाग," आत्या म्हणाली.

"एवढा बारीक?" सुनंदा.

"पिल्लू असंल."

"नाना आणि पिल्लू?" मी म्हणालो. "आत्या, तीन माणसं लागायची त्यांना उचलायला!"

माझं लक्ष मात्र रेघेच्या टोकाकडे. गेली कुठे ही? तेवढ्यात काकूंनी टोपली उलटी केली. आतल्या बाजूला, वेताला घट्ट चिकटून, ती बसली होती!

"ही माझी आहे!" मी ओरडलो.

"तुझेच हायत," आत्याने डोळ्याला पदर लावला. "बापाच्या जागी होते तुला."

"तसं नव्हे! मीच ठेवली होती पेल्यात!"

"म्हंजे? ह्यांच्या पाण्याच्या पेल्यात तू गोगलगाय घातलीस?" काकूंनी विचारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. या प्रश्नाला जगात एकही बरं उत्तर नाही.

इथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मास्तर पडलो! वातावरण हलकं करावं म्हणून मी तिला काकूंच्या तळहातावर ठेवून म्हणालो, "बघा काकू, गंमत. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवीकडे वळतात. ही जात डावखुरी."

नाना डावखुरे होते. जन्मभर डाव्या हाताने जेवले, त्यापायी आजोबांचा मार खाल्ला, पण हात बदलला नाही.

"बघ," काकू म्हणाल्या. "आता तरी पटलं?"

ती बरणी काकूंच्या उशाशी गेली. तिला रोज पालकाचं कोवळं पान, संध्याकाळी रेडिओच्या बातम्या. आणि खरं सांगतो, बातम्या लागल्या की ती काचेवर चढून रेडिओच्या बाजूला यायची! (रेडिओ गरम व्हायचा, म्हणून असेल. असेलच.) हळूहळू पाणी बदलताना मी "अहो, जरा सरका" म्हणायला लागलो. सुनंदा तर बरणीसमोरून जाताना पदर सावरायची.

अशात मुंबईहून मार्गदर्शक सरांचा निरोप आला. "यंत्र मोकळं आहे. ती मूळ आई घेऊन ये." तिथे काय करतात? गोगलगाय खलात वाटतात, तो रस खळीच्या थरावर ठेवून वीज सोडतात, मग त्यात पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांवरून कुळी कळते. थोडक्यात, मला पीएचडी हवी असेल तर नानांची चटणी करायची होती.

"मुंबईला कशापायी नेतोस?" काकूंनी विचारलं.

"तपासणी आहे."

"रगत काढतात?"

"तसंच काहीतरी..."

"सांगा की खरं," सुनंदा म्हणाली. "वाटतात म्हणून!"

काकूंनी बरणी उचलून पोटाशी धरली. नाना गेले त्या दिवशीही ही बाई रडली नव्हती. आता रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांची मेहनत एका बाजूला, आणि जिने मला वाढवलं ती दुसऱ्या बाजूला. मी म्हणालो, "राहू द्या काकू. नाही नेत. गेली पीएचडी खड्ड्यात!" आणि बाल्कनीत जाऊन एकटाच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची किंकाळी! धावलो. बरणीच्या काचेला पारदर्शक लिबलिबीत गोळा चिकटला होता. आत बारीक ठिपके.

"ह्ये काय?"

"अंडी," मी म्हणालो.

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग लाजल्या हो! त्या वयात! "जिवंतपणी नाय झालं," पुटपुटल्या, "आता बघ."

पिल्लं निघाली, वाढली. आणि एके दिवशी काकूंनीच ती बाटलीत घालून माझ्यापुढे ठेवली. "यांना ने. पोरं शिकायला मुंबईला जातातच. पण हे इथंच राहतील."

मी नेली. सगळ्यांच्या पट्ट्या हुबेहूब एकसारख्या आल्या, कुळी शुद्ध ठरली, प्रबंध बचावला! काकू दर रविवारी विचारायच्या, "पोरं कशी हायत रे?" मी खाली मान घालून सांगायचो, "अभ्यासात आहेत."

मूळची ती मात्र म्हातारी होऊन, बातम्या चालू असताना, शांतपणे गेली. नोंदवहीत मी 'नैसर्गिक मृत्यू' असं लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. म्हणजे काकूंनी पुन्हा पीठ पसरायला लावलं, आणि मी शास्त्राचा माणूस, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा, गुपचूप खाली जाऊन न्हाव्यापुढे बसलो.

त्याच आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती. माझं तुळतुळीत डोकं बघून सर खुर्चीतून उठले. "अरेरे, घरी कोण गेलं?"

"काका, सर."

"तुझे काका? ते तर मागेच गेले होते ना?"

"हो सर," मी म्हणालो. "परत गेले."