अण्णांच्या गुडघ्याला पूर्ण वेळ

"झालं? एवढ्यात?" अण्णा एमआरआयच्या टेबलावर उठून बसले आणि मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलल्यासारखं माझ्याकडं बघायला लागले.

अण्णा म्हणजे पाटोद्याकडचे पुढारी. गुडघा दुखत होता. मी शाहीन, बीडमधल्या एका स्कॅन सेंटरची टेक्निशियन. मशीन मी चालवते, शिव्याही मीच खाते.

त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे सेंटरच्या मालकांनी, नवीन सॉफ्टवेअर बसवलं होतं. एमआरआय म्हणजे मोठं लोहचुंबक. ते शरीरातून सिग्नल गोळा करतं, त्यातून फोटो बनतो. सगळे सिग्नल घ्यायचे तर अर्धा तास लागतो, आणि घाई केली तर फोटो दाणेदार येतो. डीप लर्निंगवाल्या सॉफ्टवेअरला आधीच ढीगभर फोटो दाखवून शिकवलेलं असतं. नवरा अर्धं वाक्य बोलला तरी बायकोला पुढचं कळतं, तसं ते थोड्या सिग्नलवरून स्वच्छ फोटो काढतं. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत. ते मनाचं काही घुसडत तर नाही ना, म्हणून साहेबांनी जुने-नवे फोटो शेजारी ठेवून तपासलेही होते. सॉफ्टवेअर पास झालं. पब्लिकची परीक्षा घ्यायची तेवढी राहून गेली.

"माझ्या मेव्हण्याला लातूरला अर्धा तास आत ठेवलतं," अण्णा म्हणाले. "मलाच कावून झटपट? गोरगरिबावाणी उरकू नका. पूर्ण करा."

मी समजावलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि साहेबांना बोलवायला सांगितलं. टेबलावरून मात्र उतरले नाहीत. खुर्ची न सोडण्याचा सराव होताच.

तेवढ्यात बाहेर दिंद्रुडच्या सुमनबाईंचं स्ट्रेचर आलं. मणक्यातली गादी सरकून नसा दाबल्या असाव्यात असा सर्जनचा अंदाज होता. पाय बधिर पडले होते, लघवीचं भान राहिलं नव्हतं. अशा वेळी ऑपरेशनला उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात, आणि फोटो बघितल्याशिवाय सर्जन हात लावत नाही. सकाळी दुसऱ्या सेंटरवर नेलं होतं. सरळ झोपलं की कळ यायची, बाई हलायच्या, फोटो फुकट जायचा. दहा मिनिटं त्या कशाबशा काढू शकत होत्या, अर्धा तास शक्यच नव्हता.

साहेब आले. मी म्हणाले, अण्णांचा फोटो निघालाय, छान निघालाय, आता बाईंना घेऊ.

"अण्णांचं पूर्ण करून टाक," साहेब म्हणाले. "अर्ध्या तासात काय होतंय?"

"सर, त्या बाईंचे पाय जातील."

साहेबांनी अण्णांकडं बघितलं. स्ट्रेचरकडं बघायचं टाळलं. अण्णांना नाही कसं म्हणायचं, असं पुटपुटून बाहेर गेले. लई संताप आला मला. पण मालक तो मालक, मी जुन्या पद्धतीचा स्कॅन लावला.

पाच मिनिटांत अण्णा घोरायला लागले. झोपेत त्यांनी कुणाला तरी लाथ मारली, आणि स्क्रीनवर एका गुडघ्याला दोन वाट्या दिसायला लागल्या. मी मशीन थांबवलं. अण्णा हललेत, परत पहिल्यापासून करावं लागेल, तोवर चहा घ्या, असं सांगून त्यांना साहेबांच्या केबिनमध्ये पाठवलं. पुढाऱ्याचा चहा म्हणजे अख्ख्या तालुक्याचा आढावा. तेवढा वेळ मला पुरे होता.

सुमनबाईंचा नवरा किसन आणि वॉर्डबॉय यांनी त्यांना उचलून टेबलावर ठेवलं. मी दहा मिनिटांचा नवा स्कॅन लावला आणि किती राहिलं ते माईकवरून सांगत होते. बाईंच्या डोळ्यातलं पाणी कानात जात होतं, पण त्या हलल्या नाहीत. फोटो लख्ख आला. सरकलेली गादी नसांवर बसलेली मलाही दिसली. साहेब फोटो वाचण्यात हुशार, ते कबूल केलं पाहिजे. बघताक्षणी कप ठेवून त्यांनी स्वतः सर्जनला फोन लावला. संध्याकाळी बाईंचं ऑपरेशन झालं.

अण्णांना मग परत झोपायचा कंटाळा आला. पहिलाच, दहा मिनिटांचा फोटो घेऊन ते गेले. सोबत साहेबांनी 'पूर्ण झालं' असा शब्द दिला.

लोकांना पटत का नाही, असं साहेबांनी मला नंतर विचारलं. मी अब्बांच्या गॅरेजचं सांगितलं. नुसता प्लग पुसून गाडी सुरू झाली तरी अब्बा ती संध्याकाळपर्यंत उभी ठेवायचे. लगेच दिली तर गिऱ्हाईक म्हणायचं, कामच केलं नाही. मी टोमणा मारला होता, साहेबांनी तो धोरण म्हणून घेतला. ओळखीच्या माणसाचा फोटो दहा मिनिटांत काढायचा आणि उरलेला वेळ त्याला तसंच आत ठेवून मशीन नुसतं ठकठक वाजवायचं. सॉफ्टवेअरनं वाचवलेला वेळ साहेबांनी इमानदारीनं परत खर्चाला लावला. बाहेरची रांग पहिल्याएवढीच राहिली. इमर्जन्सी आली की ठकठक बंद, एवढं मात्र मी भांडून मिळवलं.

काही महिन्यांनी सुमनबाई परत तपासणीला आल्या. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. दहा मिनिटांत स्कॅन झाला. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्या बारीला आमची वळख न्हवती, म्हून झटपट उरकलं. आमी काय बोललो न्हाई. आता वळख झाली ना. पुढच्या बारीला पूर्ण करा."

दहा मिनिटांच्या त्या फोटोमुळंच तुम्ही चालताय, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. मशीन शिकलेलं आलं होतं, बाकीच्यांना शिकवायचं काम माझ्याकडं होतं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि दारापर्यंत चालत जाऊन मागं वळल्या.

"तरीबी बघा," म्हणाल्या.