विहिणीच्या वाडग्यातला गोडसर टोफू

नात म्हणाली, आजी, केंब्रिजला चल, नदी दाखवते. सायली तिथे संशोधन करते. कशावर, ते मी विचारते तेव्हा दर वेळी वेगळंच सांगते. मला लिहिता येत नाही, म्हणून हे मी बोलते आणि ती टाइप करते. 'दर वेळी वेगळंच' हे वाक्य ती गाळणार होती. मी परत वाचायला लावलं तेव्हा आलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या रीडिंगहून लंडन, तिथे भुयारी गाडीने स्टेशन बदला, मग केंब्रिजची गाडी. सकाळची गर्दी सरल्यावर निघा, सीनियर रेलकार्ड घ्या, स्वस्त पडतं. डबा घरचाच न्या. ट्रेनमधलं सँडविच थेट फ्रिजमधून दातावर येतं.

सायली राहते हारुकोबाईंकडे. जपानी बाई, माझ्याहून जरा लहान. त्यांच्या मुलाने मेई नावाच्या चिनी मुलीशी लग्न केलंय. सायली मला स्टेशनवरून घेऊन पोचली तर बाई घामाघूम. दुपारी मेईची आई पहिल्यांदाच जेवायला येणार होती, थेट सिचुआनहून, जिथलं जेवण म्हणे आपल्या कोल्हापूरकरांना रडवेल. आणि बाईंनी केला होता तिकडचाच मापो टोफू, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा झणझणीत रस्सा, पण जपानी पद्धतीने. मिरची नावाला, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा आणि साखर घातलेली, जीभ बधिर करणारे मिरे गायब. मेईनेच सांगितलं होतं म्हणे, नेहमीचाच करा. आता विहिणीला तिच्याच मुलखाचा पदार्थ असा वाढायचा म्हणून बाई पुन्हा पुन्हा चव घेऊन बघत होत्या.

मी म्हटलं, मिरची वाढवा, विहीण रुसली की जन्मभर ऐकावं लागतं.

"आजी, प्लीज, तू त्या पॉटमध्ये काही अ‍ॅड नको करू," सायली म्हणाली. माझ्या पर्समध्ये ठेचा असतो हे तिला ठाऊक आहे.

विहीणबाई आल्या. आधी ग्योझा आले, सारण भरलेले, करंजीएवढे, एका बाजूने तव्यावर कुरकुरीत केलेले, आणि सोबत भात. चीनमध्ये हे बहुतेक उकडून खातात आणि तेच जेवण असतं. विहीणबाईंनी असं पाहिलं, जणू कोणी पोळीशी भाकरी वाढली. मग टोफू. एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"गोड आहे."

मेईने ते इंग्रजीत सांगितलं, सायलीने मराठीत. हारुकोबाईंना चेहऱ्यावरूनच कळलं होतं. त्यांनी वाडगा उचलायला हात पुढे केला, तर विहिणीने तो हातच धरून ठेवला. तिचं लक्ष मेईकडे होतं. मेई टोफू भातावर ओतून बिनघोर जेवत होती, तेही दुसऱ्यांदा वाढून घेऊन. विहीण भराभरा काहीतरी बोलली. मेई लाजली.

"आई म्हणते, लहानपणी मला तिखट सोसायचं नाही. ती माझ्यासाठी टोफू पाण्यात धुवून द्यायची. सासरी कोण धुवून देईल, ही तिला काळजी होती."

हारुकोबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. विहिणीने पर्समधून मिऱ्यांची पुडी काढली आणि फक्त स्वतःच्या वाडग्यात रिकामी केली. मग मीही ठेचा काढला. दोघींनी एकमेकींचं तिखट चाखलं. माझी जीभ बराच वेळ बधिर होती, सायलीला तेवढीच विश्रांती.

रीडिंगला परतल्यावर सुनेने विचारलं, "आई, नदी बघितलीत?" बघितली. होड्या भाड्याने मिळतात, मी काठावरच बसले. पण तिला म्हटलं, लेकीचा वाडगा रिकामा होताना बघणारी एक आई बघितली. सुनेने भारतात किती वाजले ते बघितलं. तिची आई नागपूरला असते.

मग म्हणाली, "आणि तो टोफू?"

"गोडच होता गं. मी दोनदा घेतला."