साहेबांची शंभरावी सहल

वजनमापे कार्यालयात एकतीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात ठेवून घेणं म्हणजे काय असतं, हे फक्त त्याच्या बायकोलाच ठाऊक. साहेबांनी पहिल्या आठवड्यात दुधाची पिशवी वीस मिलिलिटरने कमी आहे हे सिद्ध केलं. दुसऱ्या आठवड्यात बायकोला चहा पावडरचा चमचा सुरीने सपाट करायला शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि बैठकीतलं घड्याळ यांच्यातला दीड मिनिटाचा फरक काढून दाखवला आणि इतकी वर्षं या घरात वेळ कशी पाळली गेली असेल, असं हळहळून म्हणाले.

चौथ्या आठवड्यात बायकोने वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. महिन्यातून दोन-तीन रविवारी डोंगरावर, समुद्रकाठी किंवा जवळच्या एखाद्या बेटावर दिवसभर पायी भटकणाऱ्या मंडळींची ती जाहिरात होती.

"तुमच्यासारख्या माणसाची तिथे फार गरज आहे," ती म्हणाली.

संसारातली ही तिची पहिली थाप, आणि ती साहेबांनी एका घासासरशी गिळली.

तेव्हा त्या गटात आठ-नऊ माणसं होती. वाटेल तेव्हा निघायची, वाटेल तिथे बसायची, गप्पा मारत वाट चुकायची आणि हसत घरी यायची. साहेबांना हा सगळाच कारभार बेशिस्त वाटला. तीन महिन्यांत ते गटाचे प्रमुख झाले. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, पण गळ्यात शिट्टी एकट्या त्यांच्याच होती, त्यामुळे मतदानाची वेळच आली नाही. समोर सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे. पाठीमागे 'शिट्टी'.

साहेबांनी आल्या आल्या नियम घातले. चालताना फोन नाही. फोन वाजला की पाय चुकतो. सगळे फोन निघतानाच एका कापडी पिशवीत जायचे आणि पिशवी नंबर दोनच्या खांद्यावर. साहेबांचा स्वतःचा फोनही त्यातच, कारण नियम म्हणजे नियम. हे नंबर दोन म्हणजे एका शाळेतले निवृत्त कारकून. नंबर, कारण साहेबांनी प्रत्येकाला कायमचा आकडा दिला होता. एक लांब शिट्टी झाली की असाल तिथून आपला आकडा ओरडून सांगायचा. एक, दोन, तीन करत बावीसपर्यंत. बावीस झाले की मोजणी पुरी, आणि मोजणी पुरी झाली की निघायचं. मोजणी चालू असताना कुणी ब्र काढायचा नाही. साहेबांना स्वतःचा आकडा नव्हता. इन्स्पेक्टर काय स्वतः तराजूत बसतो का, असं ते विचारायचे.

या पद्धतीने नव्याण्णव सहली झाल्या आणि एकही माणूस हरवला नाही. हा आकडा साहेब लग्नाकार्यात सांगायचे, दवाखान्यात सांगायचे, एकदा तर चुकून फोन लागलेल्या परक्या माणसालाही त्यांनी तो सांगितला.

आता नंबर चौदा. या बाई कपडे शिवायच्या. गल्लीतल्या अरुंद दुकानात दिवसाचे दहा तास मशीनवर वाकलेल्या, त्यामुळे कंबर कामातून गेलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आल्या आणि तीन वर्षं न चुकता आल्या. सगळ्यात शेवटी असायच्या. साहेबांनी त्यांचं नाव 'शेपूट' ठेवलं होतं आणि आपण विनोदी आहोत असा त्यांचा यावरून समज झाला होता.

गटाच्या चालण्यात एक गंमत होती, आणि ती एकट्या चौदा नंबरलाच कळलेली. पुढची माणसं झपाझप चढायची, एखाद्या झाडाखाली बसायची, पाणी प्यायची, पाय लांब करायची, संत्री सोलायची. वीस मिनिटांनी चौदा नंबर धापा टाकत तिथे पोचायच्या. त्यांचा पाय सावलीत पडतो न पडतो तोच साहेब टाळी वाजवून उठायचे.

"चला, आले सगळे. निघू या!"

सगळे ताजेतवाने होऊन उठायचे आणि बाई तशाच पुढे. ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती भरपूर, आणि जिला होती तिला तीन वर्षांत मिळाली नाही. साहेबांचा तराजू असा होता, आणि त्यावर शिक्का मारणारेही तेच.

शंभरावी सहल बेटावर ठरली. मोठ्या बोटीने जायचं, बेटाचा डोंगर चढून पलीकडे उतरायचं आणि चारच्या बोटीने परत. चारनंतर ओहोटीमुळे बेटाच्या धक्क्याला मोठी बोट लागत नाही, त्यामुळे वेळेत हयगय चालणार नव्हती. परतताना बोटीवर साहेबांचा सत्कार होता. ही कल्पना गटातल्या सगळ्यांची होती, म्हणजे साहेबांनी ती नंबर दोनला सुचवली आणि नंबर दोनने ती सगळ्यांना कळवली. भाषण साहेबांच्या खिशात होतं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मथळा: 'सहली शंभर, हरवले शून्य'.

सकाळ छान गेली. माथ्यावर जेवणं झाली, डबे धुऊन झाले, दोघा-तिघांची डुलकीही झाली. मग चौदा नंबर आल्या. चेहरा लालबुंद, हात कंबरेवर.

"चला, आले सगळे. निघू या!"

"साहेब, पाच मिनिटं टेकू द्या की. डबासुद्धा उघडलेला नाही मी."

"उतारावर चालता चालता खाता येतं," साहेब म्हणाले. "आज शंभरावी आहे. आज तरी शेपूट आवरा."

दोघं-चौघं हसले. ज्यांना हसू आलं नाही त्यांनी बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. बाईंनी उभ्या उभ्याच डबा उघडला.

अर्ध्या उतारावर टेहळणीचा एक पडका मनोरा होता. तिथे साहेबांनी फोटोसाठी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायला घेतलं. कुणाची टोपी वाकडी, कुणाचं पोट रांगेच्या बाहेर, हे सारखं करण्यात त्यांची तंद्री लागली. त्यांच्या पाठीमागून, वाटेच्या कडेने, चौदा नंबर डब्यातला घास चावत संथपणे पुढे निघून गेल्या. थांबल्याच नाहीत. हे बऱ्याच जणांनी पाहिलं. साहेबांनी नाही पाहिलं, कारण चौदा नंबर पुढे असू शकते हे त्यांच्या पद्धतीत बसणारं नव्हतं.

मनोऱ्याखाली, धक्क्यापासून दहा मिनिटांवर, लोखंडी फाटक होतं. साहेब त्याच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि एकेक माणूस बाहेर पडेल तशी वहीत खूण करू लागले. एकवीस झाले. मग कुणीच येईना.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन वाजले होते.

"साहेब, ती चौदा नंबर तर..." दवाखान्यात कंपाउंडर असलेले नंबर नऊ म्हणाले.

"मोजणी चालू आहे!"

नंबर नऊ गप्प झाले. गेल्या तीन वर्षांत त्यांना याच वाक्याने अनेकदा गप्प केलेलं होतं आणि आता ते गप्प राहण्यात तरबेज झाले होते.

साहेबांना एक लांब शिट्टी मारता आली असती. पण शिट्टी मारली की आकडे होणार, आकडे झाले की चौदाला खंड पडणार, आणि शंभराव्या सहलीत बाई हरवली हे एकवीस तोंडांनी गावभर होणार. भाषणाची चार पानं फुकट. साहेबांना बाईंची काळजी वाटली नाही असं नाही, वाटली. पण आधी मथळ्याची वाटली.

"तुम्ही व्हा पुढे," ते नंबर दोनला बेफिकीर आवाजात म्हणाले. "मी मागे कचरा राहिलाय का पाहून आलोच. मोजणी पुरी झाल्याशिवाय बोट हलवायची नाही."

मंडळी वळणाआड गेली आणि साहेब आल्या वाटेने वर पळत सुटले. बासष्टाव्या वर्षी, रक्तदाबाच्या गोळीवर चालणारा माणूस, दगडांवरून ठेचकाळत, हळू आवाजात हाका मारत. मोठ्याने मारल्या असत्या तर खाली ऐकू गेल्या असत्या. मनोऱ्यामागे पाहिलं, झुडपांत पाहिलं. माथ्याच्या झाडाखालीही कुणी नव्हतं. नाही नाही ते मनात येऊ लागलं. बाई पाय घसरून खाली गेल्या असतील तर? आपण पाच मिनिटं दिली असती तर? हा विचार त्यांना चावला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते मनोऱ्यापर्यंत परत उतरले.

तिथून धक्का स्पष्ट दिसत होता. वारा समुद्रावरून येत होता. शिट्टीशिवायच नंबर दोनने मोजणी सुरू केली असावी, कारण त्या वाऱ्यावर खालचे आवाज आले.

"एक!" "दोन!" "तीन!"

साहेबांनीच त्यांना असं खणखणीत ओरडायला शिकवलं होतं, डोंगरापलीकडे ऐकू जाईल असं. साहेब श्वास रोखून उभे राहिले. अकरा, बारा, तेरा.

"चौदा!"

बाईंचाच आवाज. कधी नव्हे तो दम न लागलेला, चांगला बसून विश्रांती घेतलेला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. सवयीने त्यांनी वही काढली आणि चौदासमोर खूण केली. एकवीस, बावीस. मोजणी पुरी. साहेब समाधानाने 'हं' म्हणाले.

आणि बोट सुटली.

त्यांना वाटलं, वळेल. त्यांनी शिट्टी फुंकली, टोपी हलवली, दगडावर चढून दोन्ही हात हलवले. इंजिनाच्या आवाजात शिट्टी कुठली ऐकू जायला. बोटीवरच्या एकाने हात हलवला, पण तो साहेबांना नव्हता. जाताना लोक बेटाला हलवतात तसा हलवला होता. बोट लहान होत गेली. साहेबांनी पुन्हा वही पाहिली. चूक शोधायचा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता, पण चूक सापडेना. बावीस माणसं होती, बावीस निघाली. हिशेब चोख होता. त्यात ते स्वतः कुठेच नव्हते.

बेटावर चिटपाखरू नव्हतं. साहेब मनोऱ्याच्या पायरीला धरून उभे राहिले आणि त्यांना सरळसरळ भीती वाटली. अंधाराची नाही, तो अजून लांब होता. पलीकडच्या काठावर उतरून सगळे बसमध्ये बसतील, बस सुटेल, जो तो घरी जाईल आणि तरीही कुणाच्याच काही लक्षात येणार नाही, याची. दर पाच मिनिटांनी ते एक लांब शिट्टी मारत राहिले. आकडा कुणी सांगणार नव्हतं, तरी मारत राहिले.

साडेपाचच्या सुमाराला शिट्टी संपते न संपते तोच खालून आवाज आला.

"चौदा!"

धक्क्याला मच्छीमाराची एक लहान होडी लागली होती आणि काठावरच्या दगडी बाकावर चौदा नंबर पाय लांब करून बसल्या होत्या. साहेब उतरू लागले. गुडघा सुजला होता, एका बुटाचा तळ सुटला होता. तीनदा थांबले. बाई वर बघत शांतपणे बसून राहिल्या. कुणी घाई केली नाही.

"तुम्ही... कुठे होतात?" साहेबांनी बाकाशी पोचून, गुडघा धरून विचारलं.

"बोटीत. सगळ्यांच्या आधी पोचले. म्हटलं, थांबून तरी कुठे बसायला मिळतं, त्यापेक्षा चालतच राहावं. पाऊण तास बसले असेन, पण काय छान वाटलं म्हणून सांगू."

"आणि मी नाही हे कुणाच्या लक्षात आलं?"

"वहिनींच्या. साडेचारला पिशवीत तुमचा फोन वाजायला लागला. गोळी घेतली का विचारा म्हणाल्या. तेव्हा तुम्हाला शोधलं. तोवर सगळ्यांना वाटत होतं, मोजणी पुरी झाली म्हणजे तुम्ही आलातच, आणि पुढे नावाड्याला शिकवताय."

विचारू नये असं वाटत असून साहेबांनी विचारलंच.

"सत्कार?"

"झाला ना. केक कापला. चांगला होता." बाईंनी पिशवीतून कागदी रुमालात गुंडाळलेला तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यावर साखरेने काढलेल्या शंभरातलं एक शून्य आलं होतं.

"बाकीचे?"

"बसमध्ये आहेत. दमलेत म्हणे. नंबर दोन येणार होते, पण मग फोनच्या पिशवीपाशी कोण थांबणार?"

दुपारपासून साहेब एकदाही नीट बसले नव्हते. त्यांनी बाकाच्या कडेला हात टेकला, दुखरा पाय पुढे केला आणि हळूहळू खाली वाकले.

चौदा नंबरनी पदरावरची वाळू झटकली, एक टाळी वाजवली आणि उठून उभ्या राहिल्या.

"चला, आले सगळे. निघू या!"

साहेब अर्धवट वाकलेले होते तसेच सरळ झाले. मग केकचा तुकडा सांभाळत, लंगडत, त्यांच्या मागोमाग होडीकडे चालू लागले.